बियरचं गाव आणि बेदाण्याचा तालुका

मुंबई-गोव्याच्या बारमध्ये 'लंडन पिल्सनर' नावाची बियर वर्षानुवर्षं खपते आहे. ती बनते भारतात आणि तिची मालकी युनायटेड ब्रुअरीजकडे आहे. नावात मात्र दोन परदेशी गावं आहेत, एक इंग्लंडची राजधानी आणि दुसरं चेक प्रजासत्ताकातलं प्लझेन (जर्मन नाव पिल्सन), जिथे १८४२ साली पिल्सनर ही सोनेरी, पारदर्शक बियर पहिल्यांदा बनली. दोन्ही गावांचा त्या बाटलीशी काडीचा संबंध नाही. गंमत म्हणजे पिणाऱ्यालाही तसा संबंध असल्याचा भ्रम नसतो. 'पिल्सनर' हे नाव गाव सोडून कधीच निघून गेलं; आता तो बियरचा एक प्रकार आहे. प्लझेनच्या मूळ कारखान्यालाही शेवटी आपण अस्सल असल्याचं नावातच लिहावं लागलं आणि 'पिल्सनर उर्क्वेल' असा ट्रेडमार्क घ्यावा लागला.

गावाचं नाव मालावर लागलं की तीन जण त्यावर हक्क सांगतात. कंपनी म्हणते, हे नाव मी बाजारात आणलं आणि नोंदवलं, म्हणून ते माझं. गाव म्हणतं, माल आमच्या मातीतला, पाण्यातला, हातातला, म्हणून नाव आमचं. तिसरा म्हणतो, हे नाव आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय, कुणाचंच नाही. पहिल्याच्या पाठीशी ट्रेडमार्कचा कायदा आहे, दुसऱ्याच्या पाठीशी भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा. बियरच्या दुनियेत ही भांडणं शंभराहून जास्त वर्षं चालली आहेत. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यात बसून त्यांचा विचार करणं वरकरणी विचित्र वाटेल. पण बेदाणा, हळद, गूळ, ज्वारी, डाळिंब, चप्पल यांतलं जे काही या पट्ट्यात पिकतं किंवा बनतं, त्याच्या नावापुढे आज हेच प्रश्न उभे आहेत. फरक इतकाच की बियरच्या भांडणात दोन्ही बाजूंना वकील होते.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण 'बडवायजर'चं. चेक प्रजासत्ताकाच्या बोहेमिया भागातल्या चेस्के बुड्येयोवित्से या गावाचं जर्मन नाव बुडवाइस. तिथे बियर बनवण्याची परंपरा जुनी. १७९५ साली स्थापन झालेला जर्मनभाषक नागरिकांचा एक कारखाना पुढे अमेरिकेतही माल पाठवत असे. १८७६ साली सेंट लुइसमध्ये आन्हॉयझर-बुशने 'बडवायजर' नावाची बियर बाजारात आणली. बुडवाइसच्या बियरचा लौकिक माहीत असल्यामुळेच ते नाव निवडलं गेलं, हे उघड होतं. आणि त्याच गावातल्या ज्या बुडवार कारखान्याने पुढे शतकभर भांडण केलं, तो स्वतः स्थापन झाला १८९५ साली. म्हणजे ट्रेडमार्कच्या हिशोबाने अमेरिकन कंपनी थोरली, गावाच्या हिशोबाने बोहेमियाचा हक्क थोरला. दोघांच्याही म्हणण्यात खोट काढता येत नाही, म्हणूनच हे भांडण इतकं लांबलं.

१९११ साली तडजोड झाली. मार्च १९३९ मध्ये दुसरी झाली, त्यात बुडवारने उत्तर अमेरिकेत हे नाव वापरायचं नाही असं मान्य केलं. त्यानंतर काही दिवसांतच हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं. त्या सहीला किती मोकळी संमती म्हणायची, यावर चेक लोक आजही कुरकुरतात. नंतर कम्युनिस्ट राजवटीत बुडवार सरकारी झाला आणि आजही तो चेक सरकारच्या मालकीचाच आहे. उलट आन्हॉयझर-बुश २००८ साली बेल्जियम-ब्राझीलच्या इनबेव्हने सुमारे ५२ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि 'बडवायजर' हे नाव त्या सौद्यातच गेलं. ट्रेडमार्क आणि भौगोलिक नाव यांतला खरा फरक या दोन ओळींत दिसतो. कंपनीचं नाव विकता येतं, गहाण ठेवता येतं, परवान्यावर दुसऱ्याला देता येतं. गावाच्या नावाचं असं काही होत नाही. भारताच्या कायद्यातही जीआय कुणाला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, हे स्पष्ट लिहिलं आहे.

देशोदेशीच्या न्यायालयांनी या भांडणाचे वेगवेगळे निकाल दिले. ब्रिटनमध्ये दोघांनाही नाव वापरू दिलं, कारण तिथले ग्राहक अनेक वर्षं दोन्ही बाटल्या ओळखून घेत होते. २०११ साली युरोपीय न्यायालयानेही ते मान्य केलं. अमेरिकेत बुडवारला 'चेकवार' या नावाने विकावं लागलं, तर युरोपातल्या बऱ्याच देशांत अमेरिकन बियरला नुसतं 'बड' होऊन राहावं लागलं. पोर्तुगालचं प्रकरण तर स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं. तिथे अमेरिकन कंपनीने १९८१ साली ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता; पुढे १९८६ साली पोर्तुगाल आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यात भौगोलिक नावांबद्दल जो करार झाला, त्याने तो अर्ज बुडाला. कंपनीचं म्हणणं होतं की हा आमच्या मालमत्तेवर घाला आहे. जानेवारी २००७ मध्ये मोठ्या खंडपीठाने ट्रेडमार्कचा नुसता अर्जसुद्धा मालमत्ता ठरू शकतो, असा तत्त्वाचा मुद्दा मान्य केला आणि तरीही निकाल कंपनीच्या विरोधात दिला. वकिलांसाठी तो निकाल सोन्याचा. सामान्य वाचकाने त्यातून एवढंच घ्यावं की नावाला मालमत्ता मानायचं म्हटलं की ती कुणाची, हा प्रश्न संपत नाही, नव्याने सुरू होतो. २०१४ साली मूळ अमेरिकन ब्रँडच्या मालकांनी चेस्के बुड्येयोवित्से गावातलाच सॅमसन नावाचा कारखाना विकत घेतला, तेव्हा या गोष्टीला आणखी एक पीळ पडला. गावाच्या नावासाठी भांडणाऱ्याने गावातच घर घेतलं.

बव्हेरियाचं प्रकरण त्या मानाने लवकर आटपलं. हॉलंडमधल्या लिशाउट गावातला एक जुना कारखाना १९२५ पासून 'बव्हेरिया' नावाची बियर विकत होता. जर्मनीतल्या खऱ्या बव्हेरियातल्या बियरवाल्यांच्या संघाने २००१ साली युरोपीय संघाकडून 'बायेरिशेस बियर' हे भौगोलिक नाव मिळवलं आणि डच कंपनीला कोर्टात खेचलं. २००९ साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: आधी, प्रामाणिकपणे नोंदवलेला ट्रेडमार्क नव्या भौगोलिक नावासोबत राहू शकतो. असाच तोडगा इतरत्रही निघालेला दिसतो. जागतिक व्यापार संघटनेतही अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने युरोपच्या नियमांविरुद्ध तक्रार केली होती. २००५ सालच्या निकालात युरोपला परदेशी भौगोलिक नावांबाबत भेदभाव केल्याबद्दल ठपका बसला, पण जुन्या ट्रेडमार्कसोबत नव्या भौगोलिक नावाला राहू द्यायला हरकत नाही, हेही त्यातच मान्य झालं.

मला या सगळ्यांत जास्त बोधप्रद वाटतं ते 'न्यूकॅसल ब्राउन एल' या इंग्लिश बियरचं प्रकरण. तिच्या मालक कंपनीने २००० साली स्वतःहून युरोपीय भौगोलिक संरक्षण मिळवलं: ही बियर न्यूकॅसलमध्येच बनली पाहिजे. पाच वर्षांत कंपनीने खर्च वाचवण्यासाठी न्यूकॅसलमधला कारखाना बंद केला आणि उत्पादन टाइन नदीपलीकडे गेट्सहेडला नेलं. एक नदी ओलांडली आणि स्वतःचीच बियर बेकायदा ठरण्याची वेळ आली. मग कंपनीने स्वतःच अर्ज करून २००७ साली ते संरक्षण रद्द करून घेतलं. ट्रेडमार्कवाल्याला जीआय हवा असतो तो जाहिरातीपुरता. जागा बदलायची वेळ आली की तो नकोसा होतो. हा धडा बेदाण्याच्या संदर्भात पुढे येईलच.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिच्यामुळे बियरची भांडणं इतकी विस्कळीत झाली. १९९४ सालच्या ट्रिप्स करारात भौगोलिक नावांना दोन पातळ्यांचं संरक्षण आहे. कोणत्याही मालाला ग्राहकाची दिशाभूल होत असेल तरच संरक्षण मिळतं. वाईन आणि दारूला मात्र दिशाभूल होवो न होवो, 'शॅम्पेनसारखी' असंही लिहायला बंदी. बियर ना वाईनमध्ये बसते ना डिस्टिल केलेल्या दारूत, म्हणून ती पहिल्याच, कमकुवत पातळीवर राहिली. बेदाणा, हळद, गूळ, चप्पल यांचंही तेच. भारताने आपल्या कायद्यात सरकारने ठरवलेल्या मालाला ही वरची पातळी देण्याची सोय ठेवली, हे शहाणपणाचं होतं.

भारताचा कायदा १९९९ चा, लागू झाला सप्टेंबर २००३ मध्ये, नोंदणी कार्यालय चेन्नईत. पहिली नोंद दार्जिलिंग चहाची, २००४ सालची. या कायद्यातही तडजोडीचं सूत्र आहे: जीआयसाठी अर्ज होण्याआधी कुणी प्रामाणिकपणे ते नाव ट्रेडमार्क म्हणून वापरलं असेल तर तो ट्रेडमार्क राहतो. एकाच नावाच्या दोन ठिकाणांनाही जागा आहे. पेरू आणि चिली या दोन देशांतल्या 'पिस्को' दारूच्या भांडणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली हेच सूत्र लावलं: पेरूने आपल्या दारूला पेरूची पिस्को म्हणावं, चिलीने चिलीची.

पण आपल्या न्यायालयांचा कल तपासला तर गावापेक्षा कंपनीला, आणि कंपनीपेक्षाही उशिराला जास्त वजन मिळालेलं दिसतं. बंगळूरच्या खोडेंनी १९६८ पासून 'पीटर स्कॉट' नावाची व्हिस्की विकली आणि ट्रेडमार्क नोंदवला. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने तो काढून टाकण्यासाठी अर्ज केला १९८६ मध्ये. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. एक कारण होतं इतक्या वर्षांचा उशीर. दुसरं असं की महागडी व्हिस्की घेणारा ग्राहक सुशिक्षित आणि चोखंदळ असतो, तो फसणार नाही. (हा युक्तिवाद वाचल्यावर आपल्या ओळखीतले काही चोखंदळ ग्राहक डोळ्यांसमोर आले नाहीत, तर नवल.) दार्जिलिंगच्या बाबतीतही तसंच झालं. कोलकात्याच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या 'दार्जिलिंग लाउंज' या नावावर टी बोर्डाने आक्षेप घेतला. २०१९ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. जीआय मालाला असतो, बसायच्या खोलीला नाही, आणि मुदतही टळून गेली होती.

आता सांगलीकडे येऊ. जत हा पूर्वीचा डफळ्यांचा संस्थानी मुलूख, १९४८ साली विलीन झालेला. एका अंगाला कर्नाटकातली अथणी आणि विजयपूर, दुसऱ्या अंगाला सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढं. पूर्व भागात घराघरांत कन्नड. पाऊस कमी, हवा कोरडी. या कोरड्या हवेनेच बेदाण्याचा धंदा उभा राहिला. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, शेडमधल्या रॅकवर जाळीत पसरायची, दोन आठवड्यांत माल तयार. द्राक्षाची जात बहुतेक थॉम्पसन, किंवा तासगाव तालुक्यातल्या बोरगावात निवडलेली तास-ए-गणेश, किंवा सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका. माल जातो तासगाव-सांगलीच्या सौद्याला, पंधरा किलोच्या खोक्यांत.

२०१६ साली 'सांगली बेदाणा' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचं डाळिंब, साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा यांनाही मिळालं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्येच मिळालं होतं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालं. वर्तमानपत्रांत फोटो आले, सत्कार झाले. पण या नावाची सीमा कुठे पडते, याकडे कुणी फार बघितलं नाही.

बेदाणा बनवणाऱ्याला विचारा. द्राक्ष तासगाव तालुक्यातलं, शेड सोलापूर जिल्ह्यातल्या जुनोनीला, कारण तिथली हवा आणखी कोरडी. माल पुन्हा सांगलीच्या सौद्याला. मग त्या खोक्यावर काय लिहायचं? न्यूकॅसलवाल्यांनी एक नदी ओलांडली आणि कागद फाडावा लागला. आपल्याकडे मिरज-पंढरपूर रस्त्यावर रोज जिल्ह्याची सीमा ओलांडली जाते आणि कुणाला काही वाटत नाही. दुसऱ्या बाजूने विजयपूरचा बेदाणा मोठ्या प्रमाणात तासगाव-सांगलीच्या बाजारात येतो आणि सांगलीचा माल म्हणून उत्तरेत जातो. त्यात आता बागायतदारांची तक्रार आहे की चीनचा बेदाणा आडमार्गाने देशात येऊन याच नावात मिसळतो. जतच्या पूर्वेकडच्या एखाद्या बागेत उभं राहिलं, तर समोरचं रान कर्नाटकाचं. वेल तीच, पाणीटंचाई तीच, भाषाही तीच. २०२२ साली कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या चाळीस गावांवर हक्क सांगितला तेव्हा मोठा गदारोळ झाला. तेव्हा कुणी विचारलं नाही की ती गावं गेली असती तर तिथला बेदाणा 'सांगली बेदाणा' उरला असता का.

हळदीचं तर जास्तच अवघड आहे. सांगलीची हळद म्हणून जी ख्याती झाली, ती फक्त शेताची नाही, बाजाराची आहे. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुराने त्यांतली बरीच निकामी झाली. तेलंगण, कर्नाटक, मराठवाडा इथून हळद सांगलीच्या बाजारात येते, प्रतवारी होते, सौदे होतात आणि देशभर 'सांगली' म्हणूनच जाते. मानांकन मात्र शेताला मिळालं. मध्यंतरी हिंगोलीच्या वसमत हळदीलाही स्वतंत्र मानांकन मिळालं. मग वसमतची हळद सांगलीच्या सौद्यात आली की ती कुणाची? प्लझेनच्या बियरला जे झालं, त्याचीच ही सुरुवात वाटते, म्हणजे नाव गावातून निघून प्रकारात शिरणं. कोल्हापुरी गुळाचंही तसंच आहे. २०१४ साली मानांकन मिळालं, आणि कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी नावाच्या खोक्यांत जातो ही ओरड त्यानंतरही चालूच आहे.

इथे बियरची आणि बेदाण्याची वाट वेगळी होते. बडवायजरचं भांडण शंभर वर्षं चाललं, कारण दोन्ही बाजूंना एकेक मालक होता, त्याच्याकडे पैसा होता आणि त्याला नाव गमावलं तर काय जातं हे नेमकं माहीत होतं. आपल्याकडच्या जीआयला असा मालक नाही. कायद्याने नोंदणी एखाद्या उत्पादक संघाच्या किंवा संस्थेच्या नावावर होते, आणि प्रत्येक शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ही नोंद झाल्याशिवाय जीआयचं चिन्ह खोक्यावर छापायचा अधिकारच मिळत नाही. २०२० मध्ये या नोंदीची फी पाचशेवरून दहा रुपये केली. म्हणजे अडचण पैशांची नाही. सौद्यात बोली लावणारा खरेदीदार चिन्हासाठी किलोला चार पैसे जास्त देत नाही, मग शेतकऱ्याने कागद कशाला रंगवायचे? खोट्या भौगोलिक नावासाठी कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. तक्रार करणारा मात्र कुणीतरी लागतो.

या पट्ट्यातलं एकच प्रकरण वेगळं निघालं, कोल्हापुरी चप्पल. ही नुसती कोल्हापुरात कधीच बनत नव्हती. अथणी, निपाणीपर्यंत कारागीर. म्हणून महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं लिडकर यांनी मिळून अर्ज केला, आणि २०१८ च्या अखेरीस नोंद झाली ती आठ जिल्ह्यांची: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. राजकारण्यांना जे जमलं नाही ते चपलेने केलं, सीमाप्रश्नाच्या दोन्ही बाजूंचं एकाच नावाखाली सहअस्तित्व. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच धाटणीच्या चपला दाखवल्या आणि ओरड झाली. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते नोंदणीचे मालक नव्हते. ज्यांचं नाव आहे त्यांनी यावं, असा त्याचा अर्थ. ते आलेही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांनी प्राडाशी करार केला. इथे मालक होता, म्हणून बोलणी झाली.

बेदाण्यासाठी, डाळिंबासाठी, अगदी जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पोपटासारख्या बाकदार नाकाच्या माडग्याळी मेंढीसाठीसुद्धा हीच वाट जास्त खरी वाटते. त्या मेंढ्या आज सीमेच्या दोन्ही बाजूंनी पाळल्या जातात आणि आटपाडीच्या बाजारात त्यांच्या बोली लाखांत गेल्याच्या बातम्या येतात. बेदाण्याचा पट्टा तासगावपासून जुनोनी, जत, विजयपूरपर्यंत एकच आहे, म्हणून त्याची नोंदही एकत्र, दोन राज्यांची व्हायला हवी, असं माझं मत आहे. अडचण कायद्याची नाही, कायद्यात तशी सोय आहे. अडचण पहिल्याच बैठकीत येईल, नावावर. विजयपूरचा बागायतदार 'सांगली'खाली सही करायला सहजी तयार होणार नाही आणि तासगावकर ते नाव सोडणार नाहीत. अथणीच्या कारागिरांना 'कोल्हापुरी' नाव चाललं, कारण ते आधीच जगभर गेलेलं होतं आणि दुसऱ्या नावाने चप्पल विकलीच गेली नसती. बेदाण्याचं अजून तसं झालेलं नाही.